आधी आख्यान

जुना करार शिकविणे आणि खेडोपाडीच्या मंडळ्यांसाठी उपदेशक तयार करणे ह्या दुहेरी कामात माझ्या उमेदीचा सारा काळ गेला. आणि ह्या कामाने मला काय शिकविले असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे की, बायबलात देव कोण आहे हे प्रामुख्याने त्याने काय केले ह्या हकीकतीतून कळते, आणि म्हणून त्या हकीकतीतून काढलेला कोणताही सिद्धांत, मग तो कितीही थोर आचार्याने काढलेला असो, पुनःपुन्हा त्याच हकीकतीपुढे तपासणीसाठी रुजू करावा लागतो. वाक्य लिहावयास सोपे आहे. ते अंगवळणी पडण्यास मात्र पुष्कळ वर्ग, पुष्कळ रविवार आणि काही अंत्यविधी खर्ची पडले.

आमच्याकडे उपदेशाचा एक ठरलेला साचा होता आणि तो अजूनही पुष्कळ ठिकाणी चालू आहे. शास्त्रभाग वाचावयाचा, त्यातून तीन मुद्दे काढावयाचे, प्रत्येक मुद्द्याला एखादे उदाहरण जोडावयाचे आणि प्रार्थनेने समारोप करावयाचा. मिशनऱ्यांच्या काळापासून चालत आलेल्या ह्या साच्याने आमच्या बोलण्याला शिस्त लावली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु विद्यार्थ्यांचे उपदेशांचे मसुदे तपासता तपासता असे दिसू लागले की अब्राहामाच्या गोष्टीतून निघणारे विश्वास, आज्ञापालन आणि आशीर्वाद हे तीन मुद्दे योसेफाच्या गोष्टीतूनही तसेच निघतात, दानिएलाच्या गोष्टीतूनही निघतात, आणि रस काढून घेतल्यावर उसाचे चिपाड फेकून द्यावे तशी गोष्ट बाजूला पडते. सर्व गोष्टींचा अर्थ एकच असेल, तर पवित्र शास्त्राने इतक्या निरनिराळ्या गोष्टी सांगण्याचा खटाटोप कशासाठी केला, ह्या प्रश्नाला त्या साच्यात उत्तर नव्हते.

वास्तविक मराठी ख्रिस्ती परंपरेने आख्यानाची उपेक्षा कधी केली नव्हती. साष्टीत धर्मकार्य करणाऱ्या फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने नवख्या ख्रिस्ती लोकांसाठी जो ग्रंथ रचला व जो १६१६ साली राशोल येथे छापला गेला, ते 'ख्रिस्तपुराण' म्हणजे प्रश्नोत्तरी नव्हे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे आख्यान आहे. आणि त्यात श्रोते मधूनमधून शंका विचारतात व पाद्री त्यांचे समाधान करतो, म्हणजे सिद्धांताचा प्रवेश कथेच्या ओघात आणि श्रोत्याच्या शंकेमुळे होतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत कीर्तनाला स्थान मिळवून दिले, आणि १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. माझ्या प्रशिक्षणवर्गाला अधूनमधून येणारे एक वृद्ध ख्रिस्ती कीर्तनकार म्हणत, "साहेब, पूर्वरंग माणसं मांडवातच ठेवून जातात, आख्यान मात्र घरी नेतात." कीर्तनात पूर्वरंगी सिद्धांताचे निरूपण असते, उत्तररंगी आख्यान असते आणि शेवटी कीर्तनकार मूळपदाकडे परत येतो. बायबलाचा क्रम मला ह्याच्या उलट दिसला. मिसर देशातून सुटका आधी घडते आणि सीनाय पर्वतावरचे नियमशास्त्र नंतर येते. इतकेच नव्हे, तर दहा आज्ञांचा आरंभही आज्ञेने न होता, तुम्हांला दास्यातून बाहेर काढणारा तो मी, अशा आशयाच्या हकीकतीच्या स्मरणाने होतो.

वर्गात एका हुशार विद्यार्थ्याने ह्यावर नेमका आक्षेप घेतला. पौलाची पत्रे इसवी सनाच्या ५० ते ६०च्या सुमाराची, आणि मार्काचे शुभवर्तमान, जे चौघांत बहुधा पहिले, ते ७०च्या आसपासचे. मग नव्या करारात तरी सिद्धांत आधी आणि गोष्ट मागाहून, असे नाही काय? प्रश्न टोलवून लावण्यासारखा नव्हता. आम्ही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय उघडला. आपल्याला जे परंपरेने मिळाले आणि आपण जे पुढे हवाली केले त्याची यादी पौल तेथे देतो. त्या यादीत ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, उठविला गेला आणि अमक्या-अमक्यांना दिसला, अशा एकामागून एक घडलेल्या घटना आहेत. पत्र आधी लिहिले गेले असेल. ज्या पायावर ते उभे आहे तो पाया त्याच्याही आधीचा आणि हकीकतीचाच होता.

माझ्या शिकविण्याला वळण देणारा प्रसंग मात्र वर्गाबाहेर घडला. एका शिकाऊ उपदेशकाबरोबर मी दुष्काळी टापूतील एका वस्तीवर गेलो होतो. अब्राहाम आपल्या पुत्राला मोरियाच्या डोंगरावर होमार्पणासाठी नेतो, त्या उत्पत्तीच्या २२व्या अध्यायावर तो तरुण नीटनेटका बोलला. उपासना आटोपून चहा फिरू लागला तेव्हा भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला विचारले, "चांगलं सांगितलंस रे लेकरा. पण निघताना त्यानं पोराच्या आईला सांगितलं होतं का?" त्याने पुस्तक उघडले, अध्याय वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "तसं काही लिहिलेलं नाही, मावशी." "मग तिला कळल्यावर तिचं काय झालं असंल?" ह्या दुसऱ्या प्रश्नावर तो माझ्याकडे पाहू लागला आणि मी चहाच्या कपाकडे.

परतीच्या एस.टी.त आम्ही तो अध्याय जणू प्रथमच वाचला, आणि पुढे दरवर्षी नव्या वर्गाकडून मी तो ह्याच रीतीने वाचून घेऊ लागलो. लाकडे मुलाच्या अंगावर आहेत; विस्तव आणि सुरी बापाच्या हातात आहे. मुलगा एकच प्रश्न विचारतो. आणि ते दोघे बरोबर चालत गेल्याची नोंद त्या प्रश्नाच्या अगोदर एकदा आणि बापाच्या उत्तरानंतर पुन्हा एकदा येते, म्हणजे तेच चालणे दुसऱ्या वेळी निराळे झालेले असते. परतताना मात्र अब्राहामाचेच नाव आहे; इसहाक बरोबर असल्याचा उल्लेख नाही. अब्राहाम बैर-शेबा येथे राहतो. लगेच पुढच्या अध्यायात सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोनात मरण पावते, आणि अब्राहाम शोक करावयास येतो. ह्या प्रसंगानंतर बापलेकांचे एकही संभाषण उत्पत्तीच्या पुस्तकात नोंदलेले नाही. सारेचा मृत्यू ह्या प्रसंगाला लागूनच का सांगितला, हा प्रश्न यहुदी आचार्यांनाही पडला होता, आणि तिला ही वार्ता कळल्यानेच तिचा प्राण गेला अशी त्यांची परंपरा अकराव्या शतकातील राशी हा प्रख्यात भाष्यकार नमूद करतो. वस्तीवरच्या त्या निरक्षर बाईने हाच प्रश्न आपल्या बुद्धीने गाठला होता. अब्राहामाच्या विश्वासाला गोष्ट कमीपणा आणीत नाही, त्याची स्तुतीच करते. परंतु त्या विश्वासाची किंमत कोणी कोणी भरली हे ती गाळलेल्या जागांत लिहून ठेवते, आणि त्या जागा वगळून 'विश्वास' हा मुद्दा मांडणारा उपदेशक देवाविषयीही कमीच सांगतो.

ह्या मौनाचे शास्त्रशुद्ध विवेचन मला एरिक आउअरबाख ह्याच्या ग्रंथात सापडले. मारबुर्ग येथील हा यहुदी अध्यापक नाझी राजवटीत पदच्युत होऊन इस्तंबूलला गेला. तेथे १९४२ ते १९४५ ह्या युद्धाच्या वर्षांत त्याने 'मिमेसिस' लिहिले आणि ते १९४६ साली बर्न येथे प्रसिद्ध झाले. पहिल्याच प्रकरणात तो होमरच्या काव्यातील एक प्रसंग आणि हाच मोरियाचा अध्याय शेजारी शेजारी ठेवतो. घरी परतलेल्या ओडिसियसचे पाय धुताना म्हातारी दाई जुना व्रण ओळखते, तेव्हा होमर कथा थांबवून त्या व्रणाचा समग्र इतिहास उजेडात मांडतो. उत्पत्तीचा कथाकार उलट जेवढे अवश्य तेवढेच सांगून बाकीचे अंधारात ठेवतो, म्हणून वाचकाला अर्थ लावल्यावाचून पुढे जाताच येत नाही. पुढे येल विद्यापीठातील हान्स फ्राय ह्याने १९७४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बायबलाचे टीकाकार आणि कैवारी हे दोन्ही पक्ष एकाच वाटेने गेले: कोणी कथेमागच्या घटनेचा पुरावा शोधू लागले, कोणी कथेतले नीतितत्त्व वेचू लागले, आणि खुद्द कथा जे सांगते तिकडे दोघांचेही लक्ष उरले नाही. आमच्या साच्याचे कूळ मला बहुतांशी तेथेच सापडले असे वाटते.

गोष्टीवाचून आज्ञेचाही अर्थ लागत नाही, हे शब्बाथाच्या आज्ञेने शिकविले. ही आज्ञा दोन ठिकाणी आहे. निर्गमाच्या २०व्या अध्यायात तिचे कारण सृष्टीच्या उत्पत्तीचे आहे: देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या ५व्या अध्यायात आज्ञा तीच, पण कारण निराळे: तू मिसरात दास होतास, म्हणून तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळाला पाहिजे. एका गावच्या अभ्यासवर्गात हे दोन्ही उतारे मी वाचून घेतले. तेथील एक बागायतदार नियमाने उपासनेस येई. त्याचा सालगडी त्या वेळी उसाला पाणी धरीत असे. तो बागायतदार बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, पहिली आज्ञा माझ्यासाठी होती, ही माझ्या गड्यासाठी निघाली. आणि खरं सांगायचं तर माझा आजाच सालगडी होता." एवढ्यावर गोष्ट सुफळ संपूर्ण झाली असती तर उपदेशाला शोभली असती, पण पुढचे त्याचे वाक्य असे होते, "रविवारी पाण्याची पाळी आली तर काय करायचं ते सांगा." पाटबंधारे खात्याच्या पाळीपत्रकापुढे मजजवळ उत्तर नव्हते. शेवटी पाळी नसेल तो रविवार गड्याला सुटीचा, असे त्याने स्वतःच मुक्रर केले. हा तोडगा शास्त्राला कितपत मान्य होईल हे ज्याचे त्याने ठरवावे. आज्ञा त्याला सवयीने पाठ होती, ती अंगाला लागली ती आपल्या घराण्याची हकीकत तिच्यात दिसल्यावर, एवढे मी पाहिले.

अनुवादाच्याच २६व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन आलेल्या शेतकऱ्याने काय म्हणावयाचे ते सांगितले आहे, आणि तेही आख्यानच आहे: भटक्या अरामी पूर्वजापासून आरंभ, मग मिसरातील जाच, सुटका, देश, आणि अखेर हातातली टोपली. 'तो' पासून निघालेले कथन 'आम्ही' वरून 'मी' वर येऊन ठेपते. गेर्हार्ड फॉन राड ह्या जर्मन पंडिताने १९३८ साली ह्याला इस्राएलाचा अतिप्राचीन विश्वासांगीकार ठरविले. त्याच्या प्राचीनतेविषयी पुढे विद्वानांनी शंका घेतल्या, पण श्रद्धा सांगावयाची ती आपला इतिहास सांगून, ही तऱ्हा तेथे स्वच्छ दिसते. दलित ईश्वरविज्ञानाचा पाया घालणाऱ्या अरविंद निर्मल ह्यांनी ह्याच अंगीकाराच्या धर्तीवर दलित ख्रिस्ती माणसाने आपल्या पूर्वजांची कथा सांगावी असे सुचविले. आमच्या कापणीच्या सणात, बाजरीच्या पोत्यांचा आणि कोंबड्या-अंड्यांचा लिलाव सुरू होण्यापूर्वी, मी एके वर्षी तसे करावयास सांगून पाहिले. दोघातिघांनी आज्यापणज्यांच्या वेठीच्या व जोहाराच्या आठवणी सांगितल्या, पण शहरात नोकरी करून आलेला एक वडीलधारा गृहस्थ उठून म्हणाला, "ते मागं टाकण्यासाठीच तर आमच्या बापानं गाव सोडलं, आता देवळात पुन्हा कशाला?" त्याचे म्हणणेही मला खोडून काढता आले नाही. गोष्ट माणसाला मुक्त करते हे खरे, पण ती सांगावयाची की नाही आणि केव्हा, हे ज्याची त्यानेच ठरवावे.

आणि एकाची मुक्तीची गोष्ट दुसऱ्याची बेदखलीची असू शकते. वर्गात निर्गमाचा गौरव चालला असता सातपुड्यातून आलेल्या एका आदिवासी विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्या देशात आधी कोण राहत होतं?" अमेरिकेतील ओसेज ह्या मूळ रहिवाशांच्या जमातीतील रॉबर्ट वॉरियर ह्या लेखकाने १९८९ साली आपल्या निबंधात नेमके हेच विचारले होते, निर्गमाची कथा त्याने कनानी लोकांच्या बाजूने वाचली. तेव्हापासून निर्गम शिकविताना यहोशवाचे पुस्तक मी वगळीत नाही आणि मोआबी रूथचेही वगळीत नाही. परक्या कुळातली ती बाई दावीद राजाची पणजी ठरते, हे त्याच शास्त्राने नोंदविले आहे.

आपल्याला अडचणीची वाटते ती हकीकत गाळावी हा मोह शास्त्रकर्त्यांनाही पडला होता. दावीद आणि बथशेबा ह्यांची कथा दुसऱ्या शमुवेलाच्या ११व्या अध्यायात विस्ताराने आहे. तेथे कथाकार राजाचे एकेक कृत्य कारकुनाच्या कोरडेपणाने नोंदवीत जातो आणि देवाला हे कसे वाटले ते अध्यायाच्या अगदी शेवटच्या वाक्यात सांगतो. मग नाथान राजापुढे एका गरिबाच्या मेंढीची फिर्याद आणतो आणि राजा निकाल देतो तो स्वतःवरच. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात दावीद यरुशलेमात राहिला, यवाबाने राब्बा जिंकले, इतका तपशील तोच आहे. मधले प्रकरण तेवढे नाही. इस्राएलाची शिरगणती करण्यास दाविदाला प्रवृत्त केले ते शमुवेलात परमेश्वराच्या कोपाने, इतिहासात सैतानाने. विद्यार्थी हमखास विचारीत, "मग ह्यातले खरे कोणते?" मी म्हणे, ज्यांनी हे दप्तर आपल्या हवाली केले त्यांनी दोन्ही कागद त्यात ठेवले, एकाने दुसरा रद्द केला नाही. तसेच चार शुभवर्तमानांची एक सलग कथा करण्याचा तातियनाचा दुसऱ्या शतकातील प्रयत्न सिरियाकडील मंडळ्यांत दीर्घकाळ चालला, तरी अखेरीस चर्चने चारच राखली. देवाविषयीचे सत्य एका तोंडाने सांगून संपत नाही, हा त्या दप्तराचाच निर्णय आहे.

सर्वांत कठीण धडा ईयोबाचा. एका तरुण जोडप्याचे मूल तापाने दगावले. मातीनंतर त्यांच्या घरी आलेल्या एका उपदेशकाने ईयोबाचा दाखला देऊन सांगितले की देव गेलेले दुप्पट करून परत देतो. मुलाचा बाप काही न बोलता उठून बाहेर गेला. उपदेशकाचा हेतू वाईट नव्हता आणि त्याने सांगितलेली गोष्ट शास्त्रात आहेही. पण ती ४२व्या अध्यायात आहे, आणि ते घर अजून दुसऱ्या अध्यायात होते. दुसऱ्या अध्यायात ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि अक्षर बोलत नाहीत. त्यांच्या हातून झालेले उत्तम काम तेवढेच. पुढे ते बोलू लागतात, आणि त्यांचे पुष्कळसे सिद्धांत नीतिसूत्रांत शोभण्यासारखे असूनही देव अखेर त्यांना दोष देतो आणि ईयोबाच्या बोलण्याला मान्यता देतो. शिवाय तो ४२वा अध्याय तरी आपण नीट कोठे वाचतो? मेंढरे ७,००० होती ती १४,००० झाली, उंट ३,००० होते ते ६,००० झाले. पण मुलगे पूर्वी सात व मुली तीन होत्या, आणि मागाहूनही सात व तीनच झाल्या. गुरे दुप्पट झाली, लेकरे झाली नाहीत. ज्याने हा हिशेब लिहिला त्याला मेलेल्या मुलाची भरपाई होत नसते हे ठाऊक होते. तेव्हापासून दुःखाच्या घरी जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगत आलो की हे घर गोष्टीच्या कोणत्या अध्यायात आहे ते आधी पाहा, आणि त्यांच्यापुढे धावून शेवट सांगू नका.

ह्या पद्धतीने बोलणाऱ्या माझ्या काही विद्यार्थ्यांविरुद्ध मंडळीच्या पंचांकडे तक्रारी गेल्या. उपदेशात बोध नव्हता, नुसती गोष्ट सांगितली, लोकांनी घरी काय न्यावे, असा त्यांचा मथितार्थ. ह्या तक्रारीत तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही, कारण गोष्ट रंगविण्याच्या भरात शास्त्रात नसलेले संवाद आणि अश्रू घालणारे उपदेशकही मी ऐकले आहेत, आणि त्यांच्यापेक्षा तीन मुद्द्यांचा साचा शतपटीने बरा. सिद्धांताची गरज येथेच लागते: गोष्ट मन मानेल तशी सांगू नये म्हणून तो राखणदारी करतो. पण त्याने धनी होऊ नये, आणि आमच्या प्राचीन मंडळीने त्याला तसे होऊ दिलेले नाही. प्रेषितांच्या विश्वासांगीकारातील ख्रिस्ताविषयीचा भाग पाहावा: जन्म, दुःख, वधस्तंभ, मरण, पुरणे, उठणे, अशी ती घटनांची मालिका आहे; आणि त्यात इसवी सन २६ ते ३६ पर्यंत यहूदीयाचा कारभार पाहणाऱ्या पंतय पिलात ह्या रोमन सुभेदाराचे नाव आहे. त्या सुभेदाराकडे कोणताही सिद्धांत नव्हता, आणि त्याच्याकडून घेण्यासारखा कोणताही बोध नाही. हे सारे अमुक देशात, अमुक अंमलदाराच्या कारकिर्दीत घडले, एवढ्याच साक्षीसाठी त्याचे नाव दर रविवारी घ्यावे लागते. आणि ते नाव गाळून जसा तो अंगीकार म्हणता येत नाही, तशी हकीकत गाळून ख्रिस्ती सिद्धांताची मांडणीही करता येत नाही.